बोल्ड, अंडरलाइन, चौदा

“हे बोल्ड करा, अंडरलाइन करा, चौदाचं करा आन् मधात घ्या.” शेगावात डीटीपीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाच्या कानावर हे वाक्य दिवसभर पडत असतं. हे प्रकरणाचं नाव आहे, हे पोटशीर्षक आहे, हा दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा आहे, असं कोणी सांगत नाही. ग्राहक ओळीचं रूप सांगतो, ऑपरेटर ते रूप देतो, प्रिंट निघते, पैसे मिळतात. स्टेशनकडून मंदिराकडे येणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत मी हेच काम करत आलोय.

मोसम रामनवमीच्या आगेमागे सुरू होतो. तिकडं गावोगावच्या दिंड्या मंदिराकडे येत असतात आणि इकडं इंजिनिअरिंगची पोरं पेनड्राइव्ह घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी असतात. श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय इथं १९८३ साली निघालं, अमरावतीचं विद्यापीठही त्याच वर्षीचं. तेव्हापासून प्रोजेक्ट रिपोर्ट नावाचा माल आमच्या बाजारपेठेत आला. काळं नाहीतर मरून कव्हर, वर सोनेरी अक्षरं, आत साठ-सत्तर पानं. चौघांचा ग्रुप असतो, चौघांनी चार लॅपटॉपवर चार प्रकरणं लिहिलेली असतात, आणि सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी ती जोडायची असतात.

अशी फाइल उघडली की मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आठ एकत्र दाबतो. त्यानं वर्डमधल्या लपलेल्या खुणा दिसू लागतात. स्पेसच्या जागी टिंब, टॅबच्या जागी बाण, एंटरच्या जागी उलट्या ‘पी’सारखी खूण. फाइल कशी बांधली आहे ते तिथं उघडं पडतं. नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून दहा-बारा एंटर. शीर्षक मधोमध यावं म्हणून स्पेसची रांग. अनुक्रमणिकेत प्रकरणाच्या नावापासून पानाच्या आकड्यापर्यंत हातानं मारलेली टिंबं. पहिल्या प्रकरणाचा मथळा सोळाचा, दुसऱ्याचा साडेपंधराचा, तिसऱ्याचा अठराचा, कारण तिसऱ्या पोराला मोठं आवडतं. मग गाइड सरांचा निरोप येतो की दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवा. परिच्छेद वाढला की खालचे सगळे एंटर घसरतात, तिसरं प्रकरण पानाच्या अर्ध्यातून सुरू होतं आणि अनुक्रमणिकेतले पुढचे सगळे आकडे खोटे पडतात. रात्री अकरा वाजता चार पोरं एकेक पान मोजत बसलेली मी दर वर्षी पाहतो.

यावरचा इलाज वर्डच्याच पोटात आहे, लिब्रे-ऑफिसमध्येही आहे. ओळ सिलेक्ट करून तिला ठळक-मोठं करायचंच नाही. ती ओळ कोण आहे ते सांगायचं: हेडिंग एक, हेडिंग दोन, मजकूर, उतारा, आकृतीचं नाव. प्रत्येकाचा फाँट कोणता, आकार किती, वर-खाली जागा किती, नव्या पानावर सुरू व्हायचं की नाही, हे एकदाच एका ठिकाणी ठरवायचं. याला स्टाइल म्हणतात. मग अनुक्रमणिका वर्ड स्वतः काढतो आणि पानं सरकली तर तिच्यावर जाऊन एफ-नऊ दाबलं की आकडे दुरुस्त होतात. मथळे निळे हवेत की काळे यावर चौघांचं भांडण झालं तरी मला एकाच जागी बदल करायचा असतो.

ही सोय नवी नाही. वर्डची डॉसवर चालणारी पहिली आवृत्ती निघाली १९८३ सालीच, आणि तीतही स्टाइल शीट होतं. (आमचं कॉलेज, आमचं विद्यापीठ आणि वर्ड एकाच वयाची आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) त्याच्याही आधी, १९८० साली, अमेरिकेत ब्रायन रीड यांनी ‘स्क्राइब’ नावाची प्रणाली पीएच.डी.च्या कामात उभी केली होती. लिहिणाऱ्यानं काय लिहिलंय तेवढं सांगावं, ते दिसेल कसं हे यंत्रानं पाहावं, हे तिचं तत्त्व. एवढी जुनी गोष्ट आमच्या टेबलापर्यंत का आली नाही? आळस आणि अडाणीपणा ही दोन उत्तरं तयार असतात आणि मला ती पटत नाहीत. माझ्या धंद्यातली माणसं आळशी नाहीत. रात्रभर एंटर मारायला कष्टच पडतात.

खिळ्यांच्या छापखान्यात हा प्रश्न नव्हता. छापखान्यात हयात गेलेले एक कंपोझिटर काका आमच्याकडे प्रूफं वाचायला यायचे. ते सांगायचे, “आमच्याकडं टाइप होताच कुठं इतका? मजकूर पायकात, मथळा ग्रेटमध्ये. संपलं.” साडेपंधराचा खिळा केसमध्येच नसायचा, म्हणून पुस्तकभर मथळे एका मापाचे राहायचे. शिस्त कंपोझिटरच्या अंगी असो नसो, शिशाच्या अंगी होती.

ती शिस्त मोडली टाइपरायटरनं, असं मला वाटतं. माझ्या वयाचे बहुतेक ऑपरेटर टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेले. टाइपरायटरला आकार एकच. मथळ्याला उठाव द्यायचा तर खाली रेघ मारा किंवा अक्षरांत जागा सोडा. आणि मधोमध घ्यायचं तर कागदाच्या मध्यावर या, मथळ्यातली अक्षरं मोजा, दर दोन अक्षरांमागे एकदा मागे सरका, मग टाइप करा. हे परीक्षेला यायचं आणि त्याला मार्क असायचे. आज एखादा ऑपरेटर स्पेस दाबून मथळा मधात नेतो तेव्हा तो अजाणपणे काही करत नसतो, शिकवलेलं इमानानं पाळत असतो. अंडरलाइनचं वेडही तिथलंच.

खरी गाठ मात्र पुढं बसली, जुन्या मराठी फाँटांनी. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती यांच्यावर आमचा धंदा उभा राहिला, त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. पण त्यांची युक्ती अशी होती की फाइलमध्ये मराठी नसायचीच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं तर फाइलमध्ये साठतात पाच रोमन अक्षरं: इ, जे, के, मोठा बी आणि एच. त्यांवर कृतिदेवचा मुखवटा चढवला की डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं. चुकून फाँट बदलला की पानभर रोमन कचरा. लग्नपत्रिका असो की ग्रामपंचायतीचा ठराव, या धक्क्यातून प्रत्येक ऑपरेटर गेलेला आहे. त्यातून एकच धडा हाडीमाशी खिळला: एकदा बरोबर दिसतंय ना, मग हात लावू नका. अशा माणसाला तुम्ही सांगणार की एका डबीत फाँटचं नाव बदला, पूर्ण पुस्तक बदलेल? तो घाबरणारच. त्याच्या जगात रूप गेलं की अर्थही जात होता.

युनिकोडनं हे उलटवलं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, पण आमच्या टेबलावर ते आलं विंडोज २०००मधल्या ‘मंगल’ फाँटच्या वाटेनं. मंगलचं रेखाटन आपल्या र. कृ. जोशींचं. दिसायला तो फाँट छापील पुस्तकाला शोभत नाही म्हणून ऑपरेटर मंडळींनी त्याला नावं ठेवली, मीही ठेवली. पण त्याच्यामुळं ‘म’ हा फाइलमध्ये ‘म’ झाला. मंगल काढा, कोकिळा लावा, मुक्ता लावा, तो ‘म’च राहतो. अक्षराची रूपापासून सुटका झाली. परिच्छेदाची मात्र अजून झालेली नाही. आम्ही युनिकोडमध्ये टाइप करतो आणि मथळे कृतिदेवच्या भीतीनं करतो.

हे सगळं माझ्यापुरतं नीट उलगडलं ते एका हरिपाठाच्या पुस्तिकेच्या कामात. शेगावजवळच्या एका गावचं भजनी मंडळ. त्यांचे बुवा जुनी, कोपरे दुमडलेली पुस्तिका आणि एक सीडी घेऊन आले. हरिपाठ, काकड्याचे अभंग, गजानन महाराजांची आरती असा ऐवज. “भाऊ, हे मोठ्या अक्षरात करून देजा. आमचे अर्धे भजनी मोतीबिंदूवाले हायेत. आन् खिशात मावणारं एक बारीकही पाह्यजे, पोराइसाठी.” म्हणजे एकच मजकूर, दोन अवतार. सीडीवर पेजमेकरची फाइल होती, जुन्या फाँटातली. ती युनिकोडमध्ये आणली. अशा रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, र्‍हस्व वेलांट्या भरकटतात; ते बुवांनी आणि मी मिळून वाचून काढलं. बुवांना हरिपाठ पाठ असल्यामुळं त्यांना कागदाकडे पाहावंच लागत नव्हतं. मी वाचायचो, ते थांबवायचे.

मग मी अभंगाकडे ऑपरेटरच्या नजरेनं पाहिलं. अभंगाला क्रमांक असतो, ध्रुपद असतं, चरण असतात, आणि चरणाच्या शेवटी दोन दंडांमध्ये आकडा असतो. ठळक काही नाही, अधोरेखित काही नाही, तरी रचना इतकी पक्की की आंधळ्यालाही कळावी. आपल्या पोथ्याही अशाच. दासगणूंचा ‘श्रीगजाननविजय’ घ्या: २१ अध्याय, ३,६६९ ओव्या. अध्यायाच्या आरंभी नमन, शेवटी समाप्तीची खूण, प्रत्येक ओवीला आकडा. पारायण करणारा माणूस कुठं थांबला हे आकड्यानं सांगतो. टाइप बारीक असो, जाड असो, ओवीचा आकडा हलत नाही.

तेव्हा स्टाइली केल्या त्या अशा: ‘अभंग क्रमांक’, ‘ध्रुपद’, ‘चरण’, ‘शेवटचा चरण’. नावं मराठीत ठेवली. वर्डला ती चालतात. चरणाची ओळ लांबली तर दुसरी ओळ थोडी आत सरकेल, म्हणजे मोठ्या टाइपातही म्हणणाऱ्याला नवा चरण सुरू झाल्याचा भास होणार नाही. ‘चरण’ पुढच्या परिच्छेदाला चिकटून राहील, म्हणून अभंग पानाच्या टोकावर तुटणार नाही. ‘शेवटचा चरण’ चिकटणार नाही आणि त्याच्याखाली जागा सुटेल. दंडांतला आकडा उजव्या कडेला नेणारा टॅबही स्टाइलमध्येच ठेवला. फाइंड-रिप्लेसमध्ये दोन दंड, आकडा, दोन दंड हा नमुना शोधून ‘चरण’ सगळीकडे एका फटक्यात लागली. ध्रुपदं आणि शेवटचे चरण हातानं लावावे लागले, कारण कोणता चरण शेवटचा ते यंत्राला कळत नव्हतं.

आता मोठी प्रत. ‘चरण’ची डबी उघडली, आकार बावीस केला, ओके दाबलं. पुस्तिकेतली मराठी तसूभरही हलली नाही. तळाशी इंग्रजी आकड्यांत छापलेला मंडळाचा मोबाइल नंबर तेवढा फुगला.

याचं कारण मराठीत काम करणाऱ्यानं पाठ करून ठेवावं असं आहे. वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये दोन वेगळे कप्पे ठेवतो: एक रोमन लिपीसाठी, दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी. देवनागरी दुसऱ्यात येते, अरबी, हिब्रू, थाई यांच्या पंगतीला. फाँट वेगळा, आकार वेगळा, ठळकपणासुद्धा वेगळा. स्टाइल बदलण्याच्या डबीत फाँटच्या ओळीतच एक छोटी यादी असते, तिथं आधी ‘कॉम्प्लेक्स’ निवडायचं आणि मग बावीस करायचं. लिब्रे-ऑफिसमध्ये तीन कप्पे आहेत: वेस्टर्न, एशियन आणि सीटीएल, देवनागरी सीटीएलमध्ये, आणि तो कप्पा दिसत नसेल तर सेटिंगच्या भाषांच्या पानावर जाऊन चालू करावा लागतो. इंग्रजी व्हिडिओ बघून स्टाइल शिकणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? तो स्टाइल बदलतो, मराठी ढिम्म. मग सगळं सिलेक्ट करून वरच्या पट्टीवर बावीस करतो, आणि ते लगेच होतं. हाताची पद्धत चालते, स्टाइल चालत नाही, असा अनुभव त्याच्या गाठीला बांधला जातो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच निष्कर्ष काढला असता.

दोन्ही प्रती झाल्या. खिशातली प्रत त्याच फाइलमधून, कागदाचा आकार आणि स्टाइलींचे आकडे तेवढे बदलून. मोठी प्रत हातात घेऊन बुवा म्हणाले, “पानं लय झाले बाप्पा.” छपाईच्या खर्चावरून आमची थोडी बोलाचाली झाली, ती इथं नको.

याहून किचकट काम होतं कपाशीच्या किडींवरच्या एका प्रबंधाचं. प्रबंध इंग्रजीत, संशोधक बाई आमच्याच भागातल्या. कापसाचा मुलूख, त्यामुळं गुलाबी बोंडअळी हा इथं पुस्तकी विषय नाही. मथळे नेहमीसारखेच रंगीबेरंगी होते, पण ते सोपं निघालं. एका मथळ्यावर उभं राहून ‘सारखं फॉरमॅटिंग असलेला मजकूर निवडा’ म्हटलं की वर्ड तसे सगळे मथळे पकडतो, त्यांना एकदम हेडिंग दोन लावायचं. अडचण होती तिरक्या अक्षरांची. कपाशीचं गॉसिपियम हिर्सुटम, अळीचं पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, अशी शास्त्रीय नावं तिरकी छापायची असतात. मजकुरात हातानं केलेली इतकी रंगरंगोटी होती की ती पुसल्याशिवाय स्टाइल धड बसेना, आणि सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेस दाबली की रंगरंगोटीबरोबर सगळी तिरकी नावंही सरळ होणार.

म्हणून आधी फाइंड-रिप्लेसनं प्रत्येक तिरक्या शब्दाभोवती खुणेचे कंस घातले. मग सगळं पुसलं. मग कंस शोधत ‘शास्त्रीय नाव’ ही अक्षरांची स्टाइल लावत जायचं आणि कंस काढत जायचं, असा बेत. पण कंसांत सापडलं भलतंच. शास्त्रीय नावं होतीच. संदर्भसूचीतली नियतकालिकांची नावंही होती. ‘आणि इतर’ या अर्थाचं लॅटिन संक्षिप्त रूप पानोपानी होतं. आणि काही शब्द बाईंनी केवळ जोर देण्यासाठी तिरके केले होते. डोळ्यांना सगळं सारखंच तिरकं. कारणं मात्र वेगळी, आणि ती फाइलमध्ये कुठंच नोंदलेली नव्हती, फक्त बाईंच्या डोक्यात होती. त्या दोन संध्याकाळी दुकानात बसल्या. मी कंस दाखवायचो, त्या सांगायच्या: हे नाव, हे नियतकालिक, हे नुसतं जोरासाठी. त्यातले जोराचे बरेच शब्द त्यांनी स्वतःच सरळ करून टाकले. “याला जोर कशाला दिला होता मी?” असं पुटपुटत.

पुढं त्यातल्याच एका प्रकरणाचा लेख करताना त्या नियतकालिकाला ते लॅटिन संक्षिप्त रूप सरळ हवं होतं. ते एका डबीत बदललं. शास्त्रीय नावांना धक्का लागला नाही.

स्टाइलचा उपयोग छापील कागदाच्या बाहेर किती आहे हे मला दाखवलं एका दृष्टिहीन शिक्षकांनी. त्यांना कुठल्याशा कार्यालयाकडून प्रशिक्षणाची जाडजूड पुस्तिका वर्डच्या फाइलमध्ये मिळाली होती, ती ‘जरा नीट’ करून हवी होती. ते फाइल ऐकतात. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ते घडवलं, काम सुरू झालं २००६ साली. दोघेही स्वतः दृष्टिहीन. त्यात एच ही कळ दाबली की वाचन पुढच्या मथळ्यावर उडी मारतं. सरांनी माझ्यासमोर एच दाबली. यंत्र म्हणालं, पुढं मथळा नाही. “पाहा भाऊ, दोनशे पानाच्या फाइलीत मथळा एकबी नाही.” मला पडद्यावर पानोपानी जाड, निळे, रेघ मारलेले मथळे दिसत होते. त्यांच्यासाठी ते नव्हतेच. ठळकपणा एनव्हीडीए आपण होऊन सांगत नाही, आणि सांगितला तरी त्यावरून उडी मारता येत नाही. आठवं प्रकरण हवं असेल तर पहिल्या सातांतून ऐकत जायचं. मी हेडिंग लावून दिली, रूप होतं तसंच ठेवलं. छापून पाहणाऱ्याला दोन फाइलींत काही फरक दिसला नसता. सरांनी मला विचारलं, याचे पैसे तुम्ही कशाचे लावणार?

प्रश्न रास्त होता. आमच्याकडं टायपिंगचा दर पानावर, आणि खरी कमाई करेक्शनवर. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, “शेवटचं आहे भाऊ” म्हणून आलेलं चौथं प्रूफ. मजकूर सरकला की अनुक्रमणिका नव्यानं, आकृत्यांचे क्रमांक नव्यानं, त्याचे पुन्हा पैसे, पुन्हा प्रिंट. दुकानात मदतीला असलेल्या, एमएस-सीआयटी करून आलेल्या मुलीला मी स्टाइल शिकवली तेव्हा तिनं ती झटक्यात उचलली (टाइपरायटर तिनं पाहिलेलाच नाही, हा तिचा मोठा फायदा) आणि लगेच विचारलं, “दादा, मग आपल्या करेक्शनच्या पैशाचं काय?” स्टाइलबद्दल इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात सापडलेला नाही. फाइल हातानं रंगवलेली असली की ग्राहक परत परत येतो. फाइल नीट बांधलेली असली की तो पेनड्राइव्हवर घेऊन जातो, घरी परिच्छेद वाढवतो, एफ-नऊ दाबतो आणि फक्त प्रिंटला येतो. ऑपरेटर स्टाइल का शिकत नाही याचं अर्धं उत्तर त्याच्या गल्ल्यात आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष द्यायला मी तयार नाही. सबमिशनच्या आठवड्यावर आमच्यातल्या कित्येकांचं उन्हाळ्याचं दुकानभाडं निघतं.

मी दराचं कोष्टक बदललं. पानाचा दर तसाच ठेवला, ‘जोडणी’ असा वेगळा आकार लावला: फाइल आणाल तशी घेऊन, आतून बांधून द्यायची. त्यानंतरच्या करेक्शनला पैसे नाहीत. पहिल्या मोसमात लोकांना ते महाग वाटलं. जोडणीचा पैसा दिसत नाही ना. पान वाढलं तर ते मोजता येतं, जोडणी झाली की कागद तस्साच. दुसरं दुखणं असं की स्टाइल हातात आलेली पोरं अति करतात. साठ पानांच्या रिपोर्टला चाळीस स्टाइली, त्यांतल्या पंधरा एकसारख्या. किंवा ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ या चौकटीत टिचकी मारून ठेवतात. मग एक ओळ हातानं लाल केली की त्या स्टाइलच्या सगळ्या ओळी लाल. अशी फाइल आली की हाताची रंगरंगोटी परवडली असं वाटतं. आणि लग्नपत्रिका, बॅनर, एकपानी अर्ज यांना मी स्टाइलचं नावही घेत नाही. एका पानाच्या अर्जाला कोणी हेडिंग एक लावू लागला तर मी त्याला थांबवतो.

डिसेंबरमध्ये आता मी एक कोरा साचा तयार ठेवतो: मुखपृष्ठ, प्रमाणपत्राचं पान, हेडिंगच्या तीन पातळ्या, आकृतीची आणि तक्त्याची नावं, संदर्भसूची. प्रोजेक्टची पोरं येतात तेव्हा फुकट देतो, की बाबांनो, यातच लिहा. काही लिहितात, काही साच्यात आपापल्या फाइलीतून मजकूर आणून ओततात आणि त्याबरोबर जुनी रंगरंगोटीही. त्यांना पेस्ट करताना ‘फक्त मजकूर’ निवडा म्हणून सांगावं लागतं. हा साचा आता माझ्या हातात राहिलेला नाही. मागच्या मोसमात दुसऱ्या तालुक्यातल्या एका ओळख नसलेल्या दुकानदाराचा फोन आला. त्याच्याकडं कोणीतरी तीच फाइल आणली होती, आणि गिऱ्हाइकाला मराठी प्रबंधासाठी प्रकरणांचे आकडे देवनागरीत हवे होते. मी त्याला सांगितलं की हेडिंगच्या क्रमांकाची व्याख्या उघडा, आकड्यांच्या यादीत खाली १, २, ३ आहेत, ते निवडा, सगळीकडं होतील. थोड्या वेळानं पुन्हा फोन. झालं होतं, पण आकड्याचा फाँट वेगळा दिसत होता. मी विचारलं, कॉम्प्लेक्सचा कप्पा पाहिला का? तो म्हणाला, “हा कोणता कप्पा?” मग त्याला फोन चालूच ठेवून माउस हातात घ्यायला सांगितलं.